धरायचा हात

नारळाची वाटी आदोळीवर, म्हणजे नारळ खोवायच्या विळीवर, दोन्ही हातांनी धरावी लागते. रोज नारळ खोवला जाणाऱ्या घरात वाढूनही हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. खोवणाऱ्या बाईकडे बघताना नजर उजव्या हातावर असते. जोर तो लावतो, दमतो तो. डावा नुसता धरून असतो. वाटी पात्यावरून घसरू द्यायची नाही, कीस पडत जाईल तशी ती फिरवत राहायची, करवंटीची काळी पूड उतरायच्या आत थांबवायचं, ही सगळी कामं त्याची. पण धरण्याला आपण काम म्हणत नाही.

गेल्या वर्षी आषाढ लागला त्या आठवड्यात सकाळी सव्वासहाच्या सुमाराला आत्याच्या डाव्या हातातून वाटी सुटली. तिनं उचलली, पुन्हा लावली, पुन्हा सुटली. "मुंग्या आल्यात हाताला," म्हणाली. बाहेर धो धो पाऊस, कुळागरातून, म्हणजे घरामागच्या सुपारी-नारळाच्या बागेतून, पाण्याचा आवाज, वीज गेलेली. आईनं खोबरेल कोमट करून तिच्या हाताला चोळलं. मग चहा झाला. चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळला तेव्हाही आम्ही "कूस बदलून झोप जरा" असंच म्हणालो. नऊच्या सुमाराला बाबा कुळागरातून आले, दारातूनच तिचा चेहरा बघितला आणि एकच शब्द बोलले, "वारें."

पक्षाघाताला अंगावरून वारं गेलं, असं आपण म्हणतो. किती हलका वाक्प्रचार आहे हा. जणू वाऱ्याची झुळूक आली आणि गेली. १०८ ची गाडी आली, आमच्या सावई-वेऱ्याहून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या लक्षणापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. आमचे साडेचार तास पावणेअकराला संपले होते. तेल चोळण्यात पाऊण तास, 'बघू या' म्हणण्यात दोन. हा हिशेब मी नंतर कितीतरी वेळा केलेला आहे, आणि दर वेळी तो तेवढाच भरतो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांतून तीसेक वर्षं शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, घरातल्या कुणाचंही ऐकायची सवय नसलेली. आमच्या घरात बोलणं कोंकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत, आणि आत्याचं रागावणं शुद्ध पुस्तकी मराठीत. वॉर्डात तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आली. तिनं आत्याला दोनच गोष्टी करायला सांगितल्या: खांद्यातून हात बाजूला उचला, आणि बोटं सरळ करा. खांदा थोडा हलला. बोटं सरळ झाली नाहीत, पण तर्जनी आणि मधलं बोट थरथरत जरा उघडलं. डॉक्टर खुशीत काहीतरी लिहून गेली. मला वाटलं, एवढ्यात खूश होण्यासारखं काय आहे?

काय होतं ते मला दोन-तीन महिन्यांनी कळलं. नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ७२ तासांत ज्यांना बोटं थोडी तरी उघडता आली आणि खांदा थोडा तरी बाजूला उचलता आला, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कसब परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही जमलं नाही, त्यांची २५ टक्के. ना स्कॅन, ना यंत्र. खाटेशी उभं राहून अर्ध्या मिनिटात होणारी परीक्षा. 'काही ना काही कसब' हे शब्द मात्र नीट वाचायला हवेत. हार्मोनियम वाजवता येईल असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना पूर्वी शहाळी नेत, आता केळी आणि बिस्किटं नेतात. हाताला वारं गेलेल्या माणसाला भेटायला जाताना मात्र सगळे मऊ चेंडू नेतात. आत्याकडे सहा जमले. एक पिवळा, त्याच्यावर हसरा चेहरा. "दाबत राहा, शक्ती येईल." फोंड्याहून आठवड्यातून दोनदा घरी येणारी फिजिओ पहिल्याच दिवशी ते सगळे उचलून पोरांना देऊन मोकळी झाली. हाताची मूठ वळायला शिकवावं लागत नाही, म्हणाली, ती आपोआपच वळते आणि मग सुटत नाही. मेंदूचा लगाम सुटला की वळवणारे स्नायू आखडत जातात. हरवलेलं असतं ते उघडणं. दाबून दाबून आपण नेमकं नको तेच पक्कं करतो.

तिनं दुसरीही एक गोष्ट सांगितली, जी चेंडूंपेक्षा महत्त्वाची होती आणि आम्ही सगळे रोज करत होतो: आत्याला उठवताना डाव्या हाताला धरून ओढायचं नाही. खांद्याचे स्नायू ढिले पडले की हाताचं वजनच सांध्याला खाली खेचत राहतं. त्यात ओढलं की खांदा निखळून दुखायला लागतो आणि पुढचे सगळे व्यायाम तिथंच अडतात. काखेतून नाही, दंडाला नाही, पाठीला आधार द्या. हे आम्हाला कळेपर्यंत किती जणांनी मायेनं तिचा हात ओढला असेल, मोजदाद नाही.

मग चतुर्थी आली.

गोव्यात चतुर्थी आली म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. घरात तीस माणसं, गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधायच्या रानफळांचा पसारा, नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, आणि या सगळ्याच्या मुळाशी नारळ. आत्याची जागा दरवर्षी ठरलेली: स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, आदोळीवर. तिथं बसून ती खोवायची आणि सगळ्यांवर हुकूम सोडायची. त्या वर्षी तिला पडवीत खुर्ची घालून बसवलं. ती उठू लागली की तीन बाजूंनी तीन जणी धावायच्या. "बस गो तूं." पदर सावरायचा? आम्ही सावरू. चष्मा हवा? हा घे. हळदीच्या पानावर पातोळीचं पीठ थापायला तिनं हात पुढे केला, तर वहिनीनं पान हळूच तिच्या पुढ्यातून ओढून घेतलं. सात दिवस तिच्या डाव्या हाताला आम्ही एकही काम करू दिलं नाही, आणि याला आम्ही सेवा म्हणत होतो.

आषाढापासून चतुर्थीपर्यंत दोन महिने. २०२१ साली अमेरिकेत ७२ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले होते. नेहमीच्या उपचारांव्यतिरिक्त हाताचा २० तास जादा सराव द्यायचा. काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, काहींना सहा महिन्यांनंतर. वर्षानं मोजलं तर सर्वांत जास्त फायदा मधल्या गटाला झाला होता. पहिल्या गटालाही झाला, थोडा कमी. सहा महिन्यांनंतरवाल्यांना फारसा नाहीच. म्हणजे इजा झालेला मेंदू काही आठवडे ओल्या मातीसारखा असतो, आणि त्यातले सगळ्यांत चांगले आठवडे साधारण साठाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंतचे. आमच्याकडे साठाव्या दिवशी गणपती बसला होता आणि आत्या पडवीत.

हे वाचलं ती रात्र मला आठवते. पण एक छोटा प्रयोग आणि आपली अपराधी भावना यांची गाठ लगेच मारू नये, हेही मी मग शिकले. कारण पुढच्याच आठवड्यात मला आपल्याकडचा प्रयोग सापडला. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्ण घेऊन, घरच्यांनाच शिकवून, घरीच सराव करून घ्यायचा. आपल्या देशात फिजिओ पुरेशा नाहीत, माणसं मात्र घरात भरपूर. कल्पना किती शहाणी. २०१७ साली निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन, दोन्ही गटांत सारखंच. घरच्यांना शिकवल्यानं फरक पडला नाही. हे वाचून मला आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याची लाज वाटली, मग राग आला. मोजलं होतं ते एकूण परावलंबन. एका हाताची एका बोटानं वाढलेली उघडझाप त्या चाळणीतून गळून जाणारच. आणि घरच्यांनी नेमकं किती करून घेतलं? आमच्यासारखे घरचे असतील, तर सराव बारा मिनिटं आणि 'बस गो' बारा तास.

या क्षेत्राबद्दल मला आदर वाटतो तो याच कारणानं, की ते आपले रिकामे हात लपवत नाही. यंत्रमानवाच्या हातात रुग्णाचा हात देऊन शेकडो वेळा हालचाल करून घेण्याची पद्धत निघाली, केवढा गवगवा झाला. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ७७० रुग्णांवर करून पाहिली, २०१९ साली सांगून टाकलं, नेहमीच्या उपचारापेक्षा हाताच्या कामात सुधारणा नाही. नैराश्यावरची एक गोळी हात सुधारते असं ११८ रुग्णांच्या फ्रेंच प्रयोगात दिसलं. तीन हजारांवर रुग्णांत तपासलं तेव्हा तो फायदा विरून गेला, वर हाडं मोडायचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आमच्या गावात एका गोळीनं गुण आला की पुढची वीस वर्षं ती गोळी गावभर फिरते.

या सगळ्यात माझ्या मनात घर करून बसली ती मात्र माकडांची गोष्ट.

एडवर्ड टॉब नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यानं माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा पाठीच्या कण्यापाशी कापल्या. हालचालीच्या नसा शाबूत, तरी माकडं तो हात वापरीनात, लोंबकळत ठेवत. मग त्यानं चांगला हात बांधून टाकला. आणि माकडं 'मेलेल्या' हातानं अन्न उचलू लागली. त्याचा अर्थ त्यानं असा लावला: सुरुवातीला हात खरोखरच चालत नाही, तेव्हा प्राणी प्रयत्न करतो, फसतो, आणि शिकतो की हा हात कामाचा नाही. पुढे हातात ताकद परत येते, पण तो शिकलेला धडा पुसला जात नाही. न वापरणं हे अंगात नाही, सवयीत मुरलेलं असतं.

मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या त्याच्या प्रयोगशाळेवर १९८१ साली पोलिसांची धाड पडली. माकडांची अवस्था वाईट होती, सतरा माकडं ताब्यात घेतली गेली, त्याच्यावर क्रूरतेचा खटला झाला. शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली, पण अमेरिकेतल्या प्राणिहक्कांच्या चळवळीला मोठं बळ मिळालं ते याच प्रकरणातून. टॉब मग अलाबामाला गेला आणि तोच विचार माणसांकडे वळवला. आत्याला मी हे सगळं सांगितलं. आमच्या कुळागरात शहाळी कुरतडून फेकणारी माकडं त्याच कुळातली. त्यांच्यावर ती रोज गोफण घेऊन धावून जायची. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्या शापानं मी बरी व्हायची." विनोद होता की काय, मला कळलं नाही. मीही उत्तर दिलं नाही.

माणसांसाठीची पद्धत सांगायला सोपी: चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा, जागेपणीचा ९० टक्के वेळ तो ठेवायचा, आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचं. असे दोन आठवडे. २००६ साली २२२ रुग्णांवरच्या प्रयोगात, स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेल्यांत, ही पद्धत खरोखर उपयोगी ठरली, आणि फायदा वर्षभर टिकला. अट एवढीच की मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असली पाहिजेत. आत्याची उघडत होती.

फिजिओला विचारून मी जुन्या टॉवेलचा हातमोजा शिवला. पहिली सकाळ झकास गेली. आत्यानं डाव्या हातानं पडदा सरकवला, वर्तमानपत्र ओढून जवळ घेतलं, कपाटाचं दार चौथ्या प्रयत्नात उघडलं. मग बारा वाजले, आणि ताट आलं.

"डाव्या हातानं जेवू?"

"चमच्यानं जेव ना."

"चमचा कुठल्या हातात?"

मी गप्प. बाबा आतून म्हणाले, काढ तो मोजा, जेवू दे तिला. अलाबामात डाव्या हातानं काटा धरणं ही फार तर अडचण असेल. आमच्याकडे डाव्या हाताला ताटाशी येताच येत नाही; प्रसाद घ्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, कुणाला काही पुढे करायचं नाही. त्याच्या वाट्याला आलेलं मुख्य काम कुठल्याच संशोधनाच्या यादीत नसतं, कारण त्या देशांत त्या कामाला कागद असतो. आणि इथं मला ते सांगायला हवं जे आत्यानं फक्त आईला सांगितलं होतं. पहिले दोन महिने ती नीट जेवत नव्हती. आम्हाला वाटलं भूक गेली, तोंडाला चव नाही. तसं नव्हतं. ज्या हातानं धुवायचं त्याच हातानं जेवायचं, हे तिला गिळवत नव्हतं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी संडासात पाण्याचा फवारा बसवून घेतला, तिच्या उजव्या बाजूला. त्यानंतर तिचं जेवण सुधारलं. दोन महिने आम्ही टॉनिक बदलत होतो.

तो टॉवेलचा मोजा अजून आहे. गरम टोप उतरवायला वापरतो.

त्या दुपारी मात्र आत्या बराच वेळ मोज्याकडे बघत बसली होती. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "मी हे पोरांना केलंय." शाळेत एखादं मूल डाव्या हातात पेन्सिल धरू लागलं की तिनं ती काढून उजव्या हातात द्यायची. नाहीच ऐकलं तर पट्टी. एक मुलगा होता पहिलीतला, त्याला तिनं वर्षभर डावा हात मांडीखाली घालून बसायला लावलं. तेव्हा सगळेच लावत. आईबापच येऊन सांगत, बाई, याची डावरी खोड मोडा. तो उजव्या हातानं लिहायला शिकला, पण त्याचं अक्षर कायम भेदरल्यासारखं राहिलं, ती म्हणाली. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघून: "ह्याला कुणी मांडीखाली घातलं नाही. हा आपणच जाऊन बसला."

टॉबनं शेकडो पानांत मांडलेला सिद्धांत याहून फार वेगळा नाही.

मग आम्ही मोज्याचा नाद सोडला आणि डाव्याला डाव्याचीच कामं द्यायची असं ठरलं. म्हणजे धरायची. बाटलीचं झाकण उजवा फिरवील, बाटली डावा धरील. उजवा लिहील, कागद डावा दाबून ठेवील. शेंगा सोलताना शेंग डाव्यात. फिजिओला हे पटलं. हाताचा रोजचा वापर मोजायची एक अमेरिकन प्रश्नावली आहे, तीस कामांची. पहिलाच प्रश्न, दिव्याचं बटण त्या हातानं दाबता का? पुढे कुठंतरी मोजे घालण्याबद्दल विचारतात. आत्यानं जन्मात मोजे घातलेले नाहीत. फिजिओनं मोजे खोडून तिथं 'नारळाची वाटी धरणे' लिहिलं. शास्त्रात बसतं का विचारू नका. पण त्या प्रश्नावलीमागचा विचार मला फार खरा वाटतो. तपासणीच्या टेबलावर हात काय करू शकतो हे एक, आणि घरी कुणी बघत नसताना तो काय करतो हे दुसरं. दोन्हींत कितीतरी अंतर असतं.

टेबलावरच्या परीक्षेचीही गंमत सांगते. हाताची एक चाचणी १९८१ पासून जगभर वापरतात: १९ कृती, ५७ गुण. लाकडी ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, गोटी चिमटीत धरायची, आणि एक कृती चक्क क्रिकेटचा चेंडू उचलायची. फिजिओच्या पेटीतला चेंडू पाहून आत्या म्हणाली, मला काय सचिन करायचंय? ठोकळ्यांतला सर्वांत लहान अडीच सेंटिमीटरचा. आमची सोललेली सुपारी जवळपास तेवढीच भरते.

सुपारीची कल्पना तिथूनच निघाली. कॅथरीन लँग नावाच्या संशोधिकेनं अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत बसून नुसतं मोजलं होतं, की उपचाराच्या एका सत्रात रुग्ण दुबळ्या हातानं उपयोगाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी उत्तर: ३२. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचा मेंदू बदलतो तो दिवसाला चारशे-सहाशे वेळा केल्यावर. २००९ सालचा हा आकडा वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी आत्याचा व्यायाम मोजला. एकोणतीस.

पौषात अंगणात सुपारी वाळत होती. एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत, डाव्या हातानं, एकेक. पहिल्या दिवशी चाळीस होईपर्यंत तिला घाम फुटला. पंधरा दिवसांनी शंभर. माघात तीनशेच्या घरात. मी कामावरून येऊन मोजायचे. पणजीची बस उशिरा पोचायची, तरी अंधारात टोपली घेऊन बसायचे. एक दिवस टोपलीत बरोबर तीनशे निघाल्या. दुसऱ्या दिवशीही बरोबर तीनशे. तिसऱ्या दिवशी मी लवकर आले आणि पडवीच्या खांबाआडून बघितलं: वीस-पंचवीस डाव्या हातानं, मग उजव्या हातानं ओंजळ भरून एकदम, वर दोन-चार इकडच्या तिकडे करून आकडा जुळवलेला. तीस वर्षं हजेरीपट जुळवलेली बाई.

मी भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तुला आकडा हवा होता, मी दिला."

त्याच लँगबाईंनी पुढे २०१६ साली ८५ रुग्णांवर तपासून पाहिलं, की जास्त वेळा केलं तर जास्त गुण येतो का. काहींकडून एकूण तीन हजारांवर, काहींकडून सहा हजारांवर, काहींकडून साडेनऊ हजारांवर हालचाली करून घेतल्या. सहा महिन्यांपेक्षा जुने रुग्ण होते. आकडा वाढवल्यानं फायदा वाढला नाही. हे मी आत्याला सांगितलं नाही.

आरशाचंही करून पाहिलं. मधे उभा आरसा, दुबळा हात आरशामागे, चांगला हात समोर. चांगला हलवला की आरशात वाटतं डावाच हलतोय. रामचंद्रन या आपल्या तमिळ मुलखातून गेलेल्या मेंदुतज्ज्ञानं तुटलेल्या हाताच्या वेदनेसाठी ही युक्ती काढली, १९९९ मध्ये नऊ स्ट्रोक रुग्णांवर ती वापरली गेली, आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत तिचा थोडाफार उपयोग दिसला आहे. आत्यानं दोन दिवस केलं. "लबाडी आहे ही," म्हणाली, आणि आरसा पालथा घातला. सुपारीतली लबाडी चालते, आरशातली नाही.

यंदाच्या मृगात ती पुन्हा आदोळीवर बसली. कुणी बसवली नाही. आई देवघरात होती, मी अंघोळीला. बाहेर आले तेव्हा अर्धी वाटी झाली होती. किसात काळी पूड उतरलेली, वाटी तिरपी, डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका अजून दुमडलेल्याच. उरलेल्या तीन बोटांनी आणि तळव्याच्या कडेनं तिनं वाटी पात्यावर दाबून धरली होती. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मी नकळत पुढे झाले, तर तिनं नुसतं वर बघितलं. मी मागे सरले. त्या दिवशीच्या कढीला करवंटीची चव होती. बाबा निमूट जेवले.

परवा संध्याकाळी वीज गेली. आमच्याकडे पावसात जाते तशीच. मी मोबाइलचा दिवा शोधत होते तेवढ्यात देवघरातून काडी ओढल्याचा आवाज आला आणि समईची वात पेटली. क्षणभर काही वाटलं नाही. मग लक्षात आलं, काडी उजव्या हातात होती, तर पेटी कुठं होती? मी ओरडलेच. आत्या दचकली, काडेपेटी डाव्या हातातून खाली, काड्या देवघरभर.

"ओरडलीस कशाला? वेच आता."

मी खाली बसले, दहा-बारा वेचल्या आणि थांबले. उरलेल्या तिच्याकडे सरकवल्या. "ह्या तुझ्या. डाव्यानं."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि उजव्या हाताच्या एका फटकाऱ्यात सगळ्या गोळा केल्या.